हवेत थांबलेली हळद

चालू मोटारीला पेचकसाचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे, ही रशीदभाईंची तपासणी. मग निकाल : “बेअरिंग रडून राहिलंय.” कुरुंद्यात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आसपासच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथंच येतात. मी तालुक्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमची ओळखही जळालेल्या वस्तूमुळेच झाली.

मला मुलांना एक गोष्ट डोळ्यांनी दाखवायची होती. मोठ्या प्रयोगशाळांत आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, कशालाही टेकू न देता विजेच्या जोरावर अधांतरी रोखतात आणि लेझरचा प्रकाश टाकून त्याचा स्वभाव वाचतात. एकटा अणू आमच्या आवाक्यातला नव्हता, पण तीच युक्ती भारित धुळीच्या कणावरही चालते. तांब्याचं कडं, त्याला काही हजार व्होल्टची उलटसुलट वीज, आणि मधोमध तरंगता कण. पुस्तकात हे एका पानात होतं. माझे कण मात्र महिनाभर उडून जात होते, आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरही जळाला.

तो न्यायला रशीदभाई आले. “कोणाला कैद करून राहिले, सर?” त्यांनी विचारलं. मी फळ्यावर समीकरणं मांडली. त्यांनी ती आदरानं बघितली आणि म्हणाले, “ही कैद न्हाई हो. हे झोळीतलं लेकरू हाय. इकडं पडायच्या आत तिकडं झोका, तिकडं पडायच्या आत इकडं.”

माझ्या सगळ्या नोकरीत इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. “पण सर, पंखा काहून चालू हाय?”

एप्रिल होता म्हणून चालू होता. मी एम.एस्सी. झालेला माणूस, महिनाभर पंख्याखाली धूळ पकडत होतो!

नवा ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला. माझ्या कड्याची टोकं अणकुचीदार होती. “टोकातून वीज गळून राहिली,” म्हणत त्यांनी नवं कडं घडवलं आणि कानस मारून गुळगुळीत केलं. वर कंदिलाची काच घातली. चौथ्या दिवशी खिशातून पुडी काढली. वस्त्रगाळ हळद होती. “तुमची परदेशी भुकटी ठेवा बाजूला. घरची घ्या.”

जांभळा लेझर सोडला आणि हळदीचे पाचसहा कण हवेत थांबले. पिवळसर हिरवे, चांदण्यांसारखे. लाल लेझर टाकला तर ते मंदावले, जांभळा टाकताच पुन्हा उजळले. “म्हंजे आपल्याच मानसाच्या हाकेला ओ देऊन राहिलं!” रशीदभाई ओरडले. अणूंचा वर्णपट वाचणं म्हणजे दुसरं काय असतं? त्या दिवशी त्यांनी शिपाई, कारकून आणि समोरचा चहावाला, सगळ्यांना दंड धरून आत आणलं. “श्वास हळू घ्या,” असं दरडावून त्यांनी प्रत्येकाला हळद दाखवली.

पुढचं लिहायला मला बारा वर्षं लागली. एका प्रदर्शनात पुण्याचे एक शास्त्रज्ञ आमच्या टेबलापाशी थांबले. त्यांचं आयुष्य खरोखरच्या आयनांवर काम करण्यात गेलं होतं. “हळद! ही कल्पना कोणाची? आणि हे वाइंडिंग?” मी म्हणालो, “सगळं माझंच.” शेजारी रशीदभाई काच पुसत उभे होते. पाहुण्यांना ते शिपाई वाटले. त्यांनी भाईंकडे पाणी मागितलं. रशीदभाईंनी आणून दिलं. मी पाहुण्यांना कण दाखवत राहिलो. कॉलेजच्या वार्षिकांकातला लेखही माझ्या एकट्याच्या नावानं छापून आला.

गेल्या महिन्यात मी वर लिहिलं आहे तेवढं घेऊन कुरुंद्याला त्यांच्या घरी गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. मोटार ऐकावी तसे ते डोळे मिटून ऐकत होते.

“भाई, माफ करा,” मी म्हणालो.

“राग आला व्हता,” ते म्हणाले. “कॉलेजच्या बोअरची मोटार आलती न्हाई का त्या टायमाला? दोन दिवसांचं काम. पंधरा दिवस ठेवून घेतली.”

“ते तुम्ही मुद्दाम केलं? आम्ही टँकरवर होतो हो!”

“मंग! हिसाब बराबर.” ते खदाखदा हसले, आणि मग एकदम हळू आवाजात म्हणाले, “पण सर, एक दुरुस्ती करा. हळदीची अक्कल माझी न्हाई.”

“मग कोणाची?”

त्यांनी आतल्या दाराकडं मान वळवली. पडद्याआडून त्यांच्या पत्नी खातूनभाभी हातातलं सूप तसंच घेऊन बाहेर आल्या.

“मी म्हणलं व्हतं, आपली हळद नेऊन बघा,” त्या म्हणाल्या. “ओढणीतून गाळून पुडी बी मीच बांधली. बारा वर्सं हे गावभर सांगून राहिले, मला सुचलं म्हणून.”

“तू कधी बोलली न्हाईस,” रशीदभाई पुटपुटले.

“तुमी कधी इचारलं?”

मला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. कागद गुडघ्यावर ठेवून मी त्यांच्यासमोरच लिहिलं : वाइंडिंग, कडं आणि काच रशीदभाईंची; हळद खातूनभाभींची. त्यांना वाचून दाखवलं.

“बराबर हाय,” खातूनभाभी म्हणाल्या आणि सूप खाली ठेवून नवऱ्यासमोर बसल्या. “आता परत वाचा, सर. जरा मोठ्यानं. ह्यांना कमी ऐकू येतं.”