दंडावर देवी उठली तर

माझं लग्न तोंडावर आलं होतं आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. नवरा मुलगा लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात कामाला. आमच्या कुरवंडे गावाहून तिथं बाजाराला गेलो की आई मुद्दाम तिकडची वाट टाळायची. कशीबशी त्या वाटेला लागलोच, तर माझ्या पायात नेमका तिथंच काटा मोडायचा.

तेवढ्यात लोणावळ्यात देवीची साथ आली आणि लस टोचणारे साहेब आमच्या गावात आले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बाही वर केली. "हिला ल्हानपणीच टोचलीया. ह्ये बगा वण."

"लहानपणची लस जन्मभर पुरत नाही हो, जोर ओसरत जातो," साहेब म्हणाले. "आता टोचून उठली, तर जुनीचा जोर संपला समजा. नाही उठली, तर अजून बाकी असेल."

झालं! आमच्याकडे दंडावर फोड उठला की देवी पाहुणी आली असं धरत. दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि खपली पडेपर्यंत लग्नाची हळद नाही. लग्न लांबलं तर मी काही जगत नाही, असं मला वाटत होतं.

मग रोज तोंड धुवायच्या आधी दंड बघायचा. आत्या बघायची, पाणवठ्यावर बाया बघायच्या. "उटली का गं?" "न्हाई!" जरा लाली आली, खाज सुटली आणि आली तशी गेली. आबा खूश. "लस लय चिवट निगाली, पोरीच्या आयसारकी!" मी भरला हंडा डोक्यावर घेऊन नाचले आणि नखशिखांत भिजले.

आत्या हळद दळायला बसली, तोच मुलाचे मामा घाम पुसत दारात. "भाऊ, हळद थांबवा. पोराला बी टोचलं, दंड भाकरीवानी फुगलाय. देवी आमच्याकडं आलीया!"

आत्या फिस्सकन हसली, मग सगळेच हसले. मी तेवढी फुगले. माझी एवढी टिकली आणि ह्यांची संपली! असला कसला नवरा, साधी लस सांभाळता येत नाही?

"येडे," आई म्हणाली, "त्याची जुनी कवाच संपली हुती. साथ त्याच्या दारात. टोचलंच नसतं तर?"

माझा रुसवा कुठल्या कुठं पळाला. माझा दंड कोरा असूनही मी आमच्या चुलीवर फोडणी बंद केली. आबा कुरकुरत बिनफोडणीची आमटी प्यायले. आई तोंडाला पदर लावून हसायची.

लग्न उशिरा लागलं. होमाच्या वेळी ह्यांची बाही वर सरकली आणि ताजा, गुलाबी वण दिसला. मी भर मांडवात त्यावर बोट ठेवलं. हसून हसून मांडव पडायचा बाकी राहिला. मला मात्र रडू आलं.