बेस गिटारचा नवा स्विच

"पोरीनं स्विच बसवला म्हन्ते. आता गिटार घुमन, नाही तं जळन," मिक्सरवर बसलेला साउंडवाला ढोलकवाल्याला म्हणाला. मी त्यांच्या मागेच उभी होते. ऐकूच आलं नाही असं दाखवून केबल गुंडाळत राहिले.

नाकाडोंगरीच्या मंडपात दुपारची ट्रायल चालू होती. रात्री नाटक होतं. मी तुमसरला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करते. गिटार क्वचितच येते. ही आणली होती आंधळगावच्या रामूकाकांनी. ते या नाटक कंपनीत माझ्या जन्माआधीपासून बेस गिटार वाजवतात. मालकांनी त्यांना सांगितलं होतं की तुमचा आवाज ऐकू येत नाही. आजच्या ट्रायलमध्ये आला नाही, तर यापुढे कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवेल.

"बाई, थोडा आवाज वाढवून दे," काका दुकानात म्हणाले होते. "मले दुसरं काही येत नाही."

गिटारच्या तारांखाली दोन पिकअप असतात. तारेची थरथर पकडून ते तिचा करंट करतात. काकांचे पिकअप पॅरलल होते, म्हणजे शेजारी शेजारी जोडलेले. सिरीजमध्ये, एकामागे एक जोडले, की आवाज मोठा आणि जाड होतो. हवी ती जोडणी निवडता येईल असा एक छोटा स्विच मी बसवला. टोनच्या बटणाला जोडलेला कपॅसिटर नावाचा छोटा भागही बदलला. टोनचं बटण आवाजात काही घालत नाही, वरचा धारदार भाग फक्त काढून घेतं. काका ते बटण नेहमी पूर्ण खाली ठेवतात, म्हणजे जास्तीत जास्त काढून घेईल असं, आणि जुना कपॅसिटर फारच काढत होता. मी लहान टाकला. दुकानात सगळं छान वाजलं.

मंडपात काकांनी स्विच खाली, सिरीजवर केला. पहिला सूर पोटात जाणवला. ते माझ्याकडे बघून हसले. मग अख्खा मंडप घुमायला लागला.

"बंद करा, बंद करा," मालक म्हणाले.

कारण साधं होतं. आपल्याकडच्या नाटकात माइक स्टेजवर वरून टांगलेले असतात आणि वादक स्टेजपुढे खाली बसतात. काकांचा स्पीकरचा डबा माइककडे तोंड करून होता. डब्याचा आवाज माइकमध्ये, तिथून मोठ्या स्पीकरमध्ये, पुन्हा माइकमध्ये. डबा बंद करून गिटार सरळ मिक्सरला जोडली तर काम होणार होतं. मी केबल घेऊन मिक्सरकडे गेले. शेवटची जागा गिटारची, असं काकांनी सांगितलं होतं. तिथे पेन ड्राइव्ह वाजवायच्या डबीची पिन होती. बाकीच्या जागा भरलेल्या.

"ही काढता येईल?" मी साउंडवाल्याला हळूच विचारलं.

"नाही ना मॅडम. डान्सचे सारे गाने त्याच्यावरच वाजून राहिले."

"कधीपासून?"

"मागच्या हप्त्यापासून. मालकभाऊनंच लावाले सांगतलं. बेस-गिस सारं भरूनच येते त्याच्यात."

काका माझ्याकडे आले होते ते परवा.

मागे मालक काकांशी प्रेमाने बोलत होते. "पाहा रामूभाऊ, स्विचनं उलट बिघडलं. जाऊ द्या आता. आराम करा घरी."

काका गिटार घेऊन माझ्याकडे आले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, स्विच काहाडून टाक. पयल्यासारखी करून दे. मंग ठेवतीन ते मले."

सोल्डरिंग आयर्न माझ्या बॅगेत होतं. वायर पहिल्यासारख्या जोडणं फार अवघड नव्हतं. आता मी कुठलंही वाद्य उघडण्याआधी ते कुठे जोडलं जाणार आहे ते बघून येते. त्या दिवशी बघितलं ते उशिरा.

मी चारचौघांत सहसा बोलत नाही. तेव्हा मालकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले.

"काका, स्विच चांगला आहे. तुमच्या जागी पेन ड्राइव्ह लावलाय. मागच्या आठवड्यातच."