अभ्र्यांचे साहेब

इस्पितळाच्या लाँड्रीत सगळे त्याला साहेब म्हणायचे, कारण तो कामावर इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून यायचा. पेन कशाला, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. साहेबांना डाउन सिंड्रोम होता. याला काही यायचं नाही म्हणून शाळेनं हात झटकले होते. त्याच पोरानं तेवीस वर्षं तिथल्या उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घातल्या. कड हनुवटीखाली धरायची, दोन्ही हात पोटाशी आणायचे, दहाचा गठ्ठा. मुकादम बाई नव्या माणसाला म्हणायच्या, "आधी साहेबांचं बघ, मग हात लाव."

त्याची थोरली बहीण तिथेच फाटक्या चादरी शिवायला बसायची. आई गेल्यापासून घरात दोघंच. तो सेहेचाळीस वर्षांचा असताना एके दिवशी तिला त्याच्या गठ्ठ्यात सातच अभ्रे दिसले. दुसऱ्या दिवशी बारा. मग तो एकच अभ्रा घडी घालू लागला, उलगडू लागला, पुन्हा घालू लागला. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले, की ती गुपचूप त्याचे गठ्ठे लावून ठेवायची. अशी दोन वर्षं तिनं सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली, थोडी स्वतःच्याही. मग ती चार दिवस तापानं पडली आणि सगळं उघडं पडलं. मुकादम बाईंनी डोळे पुसत त्याला घरी बसवलं.

थायरॉइड, कान, डोळे, सगळं तपासून झालं. डॉक्टरीण तरुण होती, माणुसकीची होती.

"डाउन सिंड्रोममध्ये मेंदू लवकर म्हातारा होतो," ती म्हणाली. "पन्नाशीच्या आसपास बऱ्याच जणांना विस्मरणाचा आजार गाठतो. आधी त्यांना काय काय यायचं? कुठे लिहिलेलं आहे?"

बहिणीनं जाडजूड फाईल पुढे केली. डॉक्टरीण पानं उलटत राहिली. बेरीज येत नाही. स्पष्ट बोलता येत नाही. एकटा राहू शकत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत शहाण्यासुरत्या लोकांनी त्याला काय येत नाही तेवढंच लिहून ठेवलं होतं. अभ्र्यांचं एक अक्षरही नव्हतं.

मग बहिणीनं दोन वर्षं लपवलेलं गठ्ठ्यांचं सांगितलं.

"तेव्हाच आणलं असतंत तरी हा आजार बरा झाला नसता," डॉक्टरीण म्हणाली. "पण तुम्हाला तयारीला वेळ मिळाला असता."

कसली तयारी, हे तिला विचारवलं नाही. जन्मभर तिला एकच धास्ती होती, आपले डोळे आधी मिटले तर याचं कसं होणार. आता ती धास्ती गेली होती, आणि ती परत मिळावी म्हणून तिनं काय वाटेल ते दिलं असतं.

वर्षभरात बुटाची नाडी गेली, चमचा गेला, जिन्यावर पाय अडखळू लागला. ती मनाशी म्हणायची, जाऊ दे सगळं, फक्त मी त्याला ओळखू येऊ दे. तो "ताई" अशी हाक मारायचा आणि तिचा दिवस निभायचा.

एका दुपारी शेजारच्या काकूंना त्याच्यापाशी बसवून ती औषधं आणायला गेली. काकू दूध उतू जाईल म्हणून क्षणभर घरी धावल्या, तेवढ्यात त्यानं आतून साखळी लावली. ती परतली, किल्लीनं लॅच उघडलं, दार चार बोटं किलकिलं झालं.

"साहेब, साखळी काढा."

त्यानं फटीतून पाहिलं. "ताई घरी नाही. ताई आल्यावर या."

हे वाक्य तिनंच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तो विशीत होता, आई नुकतीच गेली होती आणि त्याला घरी एकटं ठेवणं भाग होतं. महिनाभर ती बाहेरून परकी बाई होऊन दार वाजवायची, आणि तिचा आवाज ऐकून तो खदखदून हसत दार उघडायचा. अखेर जमलं, तेव्हा तिनं गल्लीभर कौतुक सांगितलं होतं.

तिनं चेहरा फटीला लावला. "अरे, मीच ताई. नीट बघ ना."

त्यानं नीट पाहिलं. शहाण्या मुलासारखी मान हलवली. "ताई घरी नाही."

"कधी येणार तुझी ताई?" तिनं विचारलं.

"येईल. ताई मला सोडून कुठे जात नाही," तो म्हणाला आणि दार हळूच लोटून घेतलं.

ती पायरीवर बसली. दाराखालून त्याची पावलं दिसत होती. तो तिथेच उभा राहून ताईची वाट बघत होता.