वांग नव्हतं ते

"गेली गं वंदना. चेहरा मात्र शेवटपर्यंत सुधारला नाही तिचा." आईने फोनवर ही दोन वाक्यं एका दमात सांगितली. वंदनावहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. महिना उलटून गेला, पण त्या दुसऱ्या वाक्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

खडकीच्या क्वार्टरमध्ये ती सून म्हणून आली, तेव्हा आईला तिच्या गोऱ्या रंगाचं कोण कौतुक! मुक्ताच्या जन्मानंतर काही महिन्यांतच वहिनीच्या गालांवर, नाकावर लाली पसरली. "वांग आहे. बाळंतपणात येतंच," आई म्हणाली. आमच्याकडे बाईच्या गालावरच्या कुठल्याही डागाला हे एकच नाव, आणि वांगासाठी डॉक्टर कशाला? औषधाच्या दुकानातून गोरं करणारं मलम आलं. त्यात स्टेरॉइड होतं, हे फार उशिरा कळलं. लावलं की गाल उजळायचे, थांबवलं की आधीपेक्षा लाल व्हायचे. उन्हातून आली की तिला ताप भरायचा, सकाळी सुजलेल्या बोटांची मूठ वळायची नाही. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" इति आई. हळदीकुंकवाच्या बायका आल्या की वहिनीची रवानगी आतल्या खोलीत... एकदा ती म्हणाली, "आई, चेहरा माझा आणि लाज तुम्हाला? अर्धी अर्धी वाटून घेऊ या का?" तिच्या या जिभेवर माझं फार प्रेम होतं.

पाय सुजले, तेव्हा कुठे दादा तिला मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. मीही होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे वांग नाही. वांग तपकिरी असतं, सपाट असतं, त्याने ताप येत नाही. हा ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. आधी आला असतात, तर औषधांनी आटोक्यात ठेवता आला असता. आता मूत्रपिंडं गेलीत." दादाने खाली मान घालून विचारलं, "पण डाग जातील ना?"

वहिनी हसली. "जातील हो. माझ्याबरोबर."

परवा खडकीला गेले, तर बाहेरच्या खोलीत तिचा हार घातलेला फोटो नुकताच लावला होता. दादाने स्टुडिओत सांगून गाल साफ करून घेतले होते. नितळ, गोरीपान वहिनी. "आता कशी छान दिसते," आई म्हणाली. तेवढ्यात मुक्ता शाळेतून आली. तिसरीतल्या त्या पोरीने आपल्या आईला लालीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. दप्तर न काढता ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग माझा हात ओढून म्हणाली, "आत्या, माझ्या आईचा फोटो कधी लावणार?"