फ्लॉपी धुणारे काका

"हात दाखव."

काकांच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की पहिलं वाक्य हेच. ये-बस नंतर. येणारा कोणीही असो, त्यानं दोन्ही तळवे पुढे करायचे. काका चष्मा कपाळावर चढवून वाकून बघायचे. तेल, खडू, शेंगदाण्याचं लाल साल, काहीही दिसलं की त्यांची मान अंगणातल्या नळाकडे वळायची. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी नळावर पाठवलं.

"काका, मी मीटर पाहाले आलो, जेवाले नाई," तो म्हणाला.

"जेवाले आला असता तर म्हटलं नसतं," काका म्हणाले.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी संपते, पण अंगातून जात नाही. काका आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शाळेत शिपाई होते. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी त्या शाळेला काही कॉम्प्युटर मिळाले. त्यांच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, प्रत्येक यंत्रावर शिवून घेतलेलं आवरण. मुलांनी चपला बाहेर काढायच्या आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला हात दाखवूनच आत जायचं. शिपायानं मात्र बटणाला हात लावायचा नाही. धूळ झटकायची, आवरण घालायचं, कुलूप लावायचं.

पुढे ती यंत्रं जुनी झाली, निकामी ठरली आणि व्हरांड्यात तुटक्या बाकांखाली जाऊन पडली. काकांनी रीतसर अर्ज केला आणि ऑटोच्या तीन फेऱ्या करून ती घरी आणली.

"पंधरा वर्सं मी त्यायले झाकलं, पोरी," ते मला म्हणाले होते. "उघडून पाहाचं राहून गेलं होतं."

मी जवळच्याच किन्हीराजा गावची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बीएस्सी कॉम्प्युटरला प्रवेश घेतला तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता, आणि हे वर्गात सांगायची मला लाज वाटायची. एका मैत्रिणीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "बसस्टँडच्या मागं एक काका राह्यतात. त्यायच्या घरी आठ कॉम्प्युटर हायेत." ती थट्टा करत होती हे मला तिथे गेल्यावर कळलं. आठ होते, हे खरं. पण एकही माझ्यापेक्षा लहान नव्हता. जाडजूड कीबोर्ड, त्याला जोडलेला डब्यासारखा टीव्ही, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं.

मी चाचरत विचारलं, "काका, याच्यात इंटरनेट चालते?"

"याच्यात तुया एका फोटोएवढीही जागा नाई."

"मंग तुमी याचं करता काय?"

"तो काय म्हणते ते आयकतो," काका म्हणाले आणि कानाशी हात नेऊन खरंच ऐकू लागले. आतून बारीक टकटक येत होती. "हे पाय. याचं पोट बिघडलं."

मी परत जायला वळले तेव्हा त्यांनी कपाटातून एक लॅपटॉप काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्याकडची तेवढी एकच आजच्या काळातली वस्तू. "तुया कॉलेजचं याच्यावर कर. पाचच्या बसपर्यंत बस." त्या दिवसापासून दोन वर्षं मी रोज पाचच्या बसपर्यंत तिथे बसले.

माझं काम झालं की मी त्यांचं बघायची. जुन्या यंत्राच्या पोटातली बॅटरी पाझरते आणि तिचं पाणी तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतं. काका भिंगातून एकेक रेघ शोधायचे आणि केसासारख्या तारेनं जोडायचे. कीबोर्डची पिवळी पडलेली बटणं औषध लावून उन्हात ठेवायचे, की ती पुन्हा पांढरी होत. अंगणात चादरीवर ए पासून झेडपर्यंत मांडलेली.

"लोकायच्या घरी उन्हात वड्या-पापड रायतात," काकू म्हणायच्या. "आमच्या घरी एबीसीडी. बकरीनं मागच्या साली एम खाल्ला."

"खाल्ला नाई, पळवला," काका शांतपणे सांगायचे. "सापडला मंग."

हा नाद असलेली माणसं जगभर आहेत, हे मला काकांमुळे कळलं. इंटरनेटवर त्यांचा एक गट होता. कोणी पोलंडचा, कोणी ब्राझीलचा, कोणी आपल्या नागपूरचा. काकांचं इंग्रजी शाळेतल्या रजेच्या अर्जाचं होतं. प्रत्येक पत्र 'रिस्पेक्टेड सर' नं सुरू व्हायचं आणि 'आपला आज्ञाधारक' वर संपायचं. पहिल्यांदा लोक हसले असतील. नंतर सगळा गटच एकमेकांना 'रिस्पेक्टेड सर' लिहू लागला. कारण काका यंत्राच्या आतली सर्किटची पाटी उघडून, कुठली रेघ कुठे जाते हे आलेखाच्या कागदावर रंगीत पेननं काढायचे आणि फोटो सगळ्यांसाठी टाकायचे. त्या नकाशांवरून दूरदेशी कोणाकोणाची यंत्रं सुरू झाली होती.

पण काकांचं नाव होतं ते फ्लॉपीसाठी. जुन्या, बुरशी चढलेल्या फ्लॉपी लोक त्यांच्याकडे कुरिअरनं पाठवत आणि काका त्यातला मजकूर काढून देत. त्यांची रीत ठरलेली होती. फ्लॉपीचं पाकीट एका बाजूनं कापायचं, आतली काळी पातळ चकती काढायची, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून ती बोटांच्या पेरांनी धुवायची आणि दिवसभर सावलीत दोरीवर सुकवायची. मग यंत्राचं झाकण उघडून, चकती वाचणारं जे बारीक टोक असतं, ते स्पिरिटच्या कापसानं पुसायचं. प्रत्येक फ्लॉपीआधी पुसायचं. आधीच्या चकतीची घाण त्या टोकावर राहिली तर ते पुढच्या चकतीला खरवडून काढतं, आणि खरवडलेलं परत येत नाही. काकांच्या हातून एकही फ्लॉपी गेली नव्हती.

नागपूरच्या एका निवृत्त बँकवाल्या गृहस्थांनी त्यांच्या वडिलांची फ्लॉपी पाठवली. वडील शिरपूरला मास्तर होते. त्यांनी वऱ्हाडी शब्दांची यादी केली होती. त्या यंत्रात मराठी अक्षरं नव्हती म्हणून सगळे शब्द इंग्रजी अक्षरांत, अर्थांसकट. कागदावरची प्रत उंदरांनी खाल्ली होती. राहिलं होतं ते फ्लॉपीवरचं तेवढंच. काकांनी आतली चकती दोनदा धुतली.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे दाखवायला वाशीमला जायचं होतं. मी आले तेव्हा चकती सुकून नव्या पाकिटात घालून ठेवलेली होती. तिला हात लावायच्या आधी मी सरावाची म्हणून एक कळकट फ्लॉपी चालवून पाहिली. ती चालली. मला वाटलं, काका यायच्या आत मास्तरांची यादी पडद्यावर आणून ठेवावी. ते दारातून येतील, बघतील, आणि म्हणतील, वा पोरी.

टोक पुसायचं मी विसरले.

पडद्यावर शब्द येऊ लागले. आवळ, इळा, बंडी... मी मोठ्यानं वाचत होते. भेदरं आलं तेव्हा मला हसू आलं, आमची आजी टोमॅटोला भेदरंच म्हणते. मग आतून करकर आवाज आला. पाटीवर नख ओढल्यासारखा. मी बटण बंद केलं, पण चकती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर गोल रेघा होत्या आणि रेघांमधून उजेड आरपार दिसत होता.

काका आले. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी चकती उजेडाला धरली. बराच वेळ धरली. मी रडत होते.

"काहून रडून राह्यली?"

"काका, मी टोक पुसलं नाई."

त्यांनी चकती पाकिटात ठेवली. "जुनी होती ते. कवातरी जातच होती. जाय, बस चुकन तुयी."

दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोणाच्या तरी मोबाईलवरून फोन केला. "लॅपटॉप मोकळाच पडेल हाय. कॉलेज सुटलं काय तुयं?" मी गेले. त्यांनी माझे हात बघितले आणि आत घेतलं. त्या फ्लॉपीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर पार्सलं येणं कमी झालं, मग थांबलं. काका दुपारी दारात येऊन रस्त्याकडे बघायचे. "कुरिअरवाला आला होता काय?" काकूंना विचारायचे. मला वाटलं, कुरिअरवाल्याचा रस्ता बदलला असेल. खरंच मला तसं वाटलं. काका जुनी यंत्रं पुन्हा पुन्हा उघडून पुसत बसायचे. सुकवायची दोरी रिकामी होती. काकूंनी तिच्यावर टॉवेल टाकायला सुरुवात केली.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते अंगणात नळाशी बसले आणि उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर काकू मला म्हणाल्या, "त्यायच्या त्या लोकायले कळवा लागन. वाट पायत असतीन." मी लॅपटॉप उघडला. गटावर काकांचं शेवटचं मोठं पत्र सापडलं. तारीख बघितली. ते वाशीमहून आले होते तोच दिवस, मला बसला पाठवल्यानंतरचा.

त्यांच्या त्या इंग्रजीत लिहिलेलं मराठीत सांगायचं तर असं होतं: रिस्पेक्टेड सर, माझ्यावर विश्वासाने सोपवलेली एक फ्लॉपी आज माझ्या हातून नष्ट झाली आहे. आधीची फ्लॉपी मळकी होती आणि मी टोक पुसले नाही. चूक माझी आहे. यापुढे ज्यांच्याकडे दुसरी प्रत नसेल त्यांनी कृपया मला काही पाठवू नये. आपला आज्ञाधारक.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. ते मला खोलीत येऊ नको म्हणू शकले असते. कपाटाला कुलूप लावू शकले असते, कुलूप लावणं त्यांना नवीन नव्हतं. मग फ्लॉपी येत राहिल्या असत्या. त्यांनी मला येऊ दिलं आणि फ्लॉपी बंद केल्या. असंच असेल का, हे विचारायला ते आता नाहीत. पण मला दुसरं काही सुचत नाही.

मी गटावर दोन गोष्टी लिहिल्या. काका गेले. आणि ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. खाली माझं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. पोलंडच्या, ब्राझीलच्या माणसांनी काकांबद्दल खूप लिहिलं. मला कोणी काही बोललं नाही. चार दिवसांनी नागपूरच्या त्या गृहस्थांचं मराठीत उत्तर आलं. वडिलांच्या दोन फ्लॉपी होत्या. पहिली अर्ध्या अक्षरांपर्यंतची, ती गेली. पुढच्या अक्षरांची दुसरी ते काकांना नंतर पाठवणार होते, पण काकांनीच पाठवू नका म्हटलं. ती अजून त्यांच्या कपाटात आहे. शेवटी लिहिलं होतं, "तुम्हाला काकांची रीत येते ना? पाठवू का?"

मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्या मेथी निवडत होत्या.

"मंग सांग ना पाठवाले."

"मले भेव वाटते, काकू."

"वाटू दे. त्यायलेही वाटे."

"काकांले?"

"तं काय! फ्लॉपीचं पार्सल आलं का दोन दिवस नीट जेवत नोयते. ताटात भाकर तशीच राहे. म्या म्हणो, आंघोळ तर चकतीले घालून राह्यले, तुमाले काय झालं?"

मी दोन वर्षं त्या खोलीत बसले होते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

फ्लॉपी पाठवल्याचं त्यांनी परवा कळवलं. कालपासून मलाही भाकर जात नाही.