टाकं कोणी खोदलं

पळसखोंड गावाबद्दल छापील पुस्तकात जे खोटं आहे, ते माझ्या हातचं आहे. तेव्हा संताप करायचा तर तो आधी माझ्यावर, मग अप्पांवर. मला अजूनही दोघांचा राग येतो आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

गाव साधं. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला चाळीसेक घरं दिसतात. मागे राजमाचीचा डोंगर, समोर भाताची खाचरं, लांबवर माथेरानचा सपाट माथा. पावसाळ्यात पाणी नको नको होतं, आणि होळी झाली की घोटभर पाणी नाही. डोंगरावरून आलेलं सगळं पाणी नदीला मिळून निघून जातं. पूर्वी उन्हाळ्यात बायका नदीच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीने हंडा भरायच्या. हा झाला भूगोल.

गावाच्या वरच्या अंगाला, लेण्यांकडे जाणाऱ्या पायवाटेवर, कातळात खोदलेलं एक टाकं आहे. बारा हात लांब, आठ हात रुंद, पुरुषभर खोल. त्यात साठलेलं पाणी सगळ्या गावाला उन्हाळाभर प्यायला पुरतं. हे झालं पाहण्यासारखं स्थळ. इतिहासात मात्र मी माती खाल्ली.

१९४४ साली वरून हुकूम आला, की कर्जत-खालापूर भागातल्या शाळांसाठी एक पुस्तक करायचं. प्रत्येक गावाला एक पान; त्यात भूगोल, इतिहास आणि स्थळं. पळसखोंडच्या शाळेत मी एकटाच मास्तर, त्यामुळे आमचं पान माझ्या गळ्यात पडलं. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, तो अप्पांनी मुंबईहून मिळवून दिला. अप्पा म्हणजे गावातल्या निम्म्या जमिनीचे मालक. राहायला कर्जतला, पण गावात पान हललं तरी यांना विचारून हलायला हवं. मी माहिती गोळा करायला निघालो तर छत्री घेऊन तेही बरोबर आले.

टाक्यावर भागूबाई पाणी भरत होती. पन्नाशीची, काटक, विधवा बाई. गावातली एकूण एक खूण तिला ठाऊक. कुठली दरड कधी कोसळली, कुठल्या बांधावर पूर्वी कसलं झाड होतं, लेण्यांत गुरं कोण बांधायचं, सगळं तिने सांगितलं. मी भराभर लिहून घेत होतो. शेवटी विचारलं, "आणि हे टाकं कोणी खोदलं?"

भागूबाई गप्प झाली. तिने पदर सारखा केला आणि वाटेकडे पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं.

"आमच्या वडिलांनी," अप्पा म्हणाले. "लिहा मास्तर. कैलासवासी नानासाहेबांनी, लोकांच्या सोयीसाठी."

"नाय, नाय!" भागूबाई एकदम म्हणाली. "तसं नाय मास्तर. त्यांनी नाय खोदलं."

अप्पा हसले. "मग कोणी खोदलं? नाव सांग की."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. हंड्याच्या काठावर तिची बोटं आवळली.

"सांग ना. मास्तर थांबलेत."

तिने पुन्हा वाटेकडे पाहिलं. ऊन चढलं होतं, मला घाई होती. मला वाटलं, बाईला ठाऊक नाही, उगीच आडवं लावते आहे. मी नानासाहेबांचं नाव लिहिलं आणि वही मिटली.

माझी बायको उमा लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मला "अहो" म्हणते. दारात कोणी माझं नाव विचारलं तर शेजारणीला पुढे करते. तो प्रकार रोज बघणाऱ्या मला, शिकलेल्या माणसाला, भागूबाई का गप्प झाली हे समजू नये? अक्कल काय गहाण टाकली होती? टाकं तिच्या नवऱ्याने खोदलं होतं. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही, हे अप्पांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर ते तेवढंच मागत राहिले. इतका हलकटपणा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत झाला.

खरी हकीकत मला फार पुढे, पुस्तक छापून वर्गात पोचल्यावर, भागूबाईच्या शेजारणीने, चंद्राबाईने सांगितली. भागूबाईचा नवरा घाटाखाली रेल्वेच्या दगडखाणीवर कामाला होता. तिथे तो छिन्नी आणि घण चालवायला शिकला. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, पोटुशी असताना, भागूबाई नदीतून हंडा आणताना पडली आणि ते मूल गेलं. दुसऱ्या दिवशी तो खाणीवर गेला नाही. पहार घेऊन वरच्या कातळावर गेला. भात झोडून झालं की काम सुरू, पेरणी आली की बंद, असे नऊ उन्हाळे तो खोदत होता. फुटलेला दगड पाटीत भरून वर आणायची ती भागूबाई. पुढची दोन्ही मुलं करंजाच्या सावलीत झोळीत घालून तिने पाट्या वाहिल्या. चौथ्या उन्हाळ्यात दगडाची कपची उडून त्याचा डावा डोळा गेला. लोक म्हणाले, आता पुरे. त्याने चार दिवस फडकं बांधलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा घण उचलला. त्या नऊ वर्षांत अप्पांचे वडील एकदा टाक्यावर आले होते, आणि तेही कातळ कोणाच्या मालकीचा हे बजावायला.

टाकं पहिल्यांदा भरलं, त्यानंतर दोन वर्षांनी तो तापाने गेला. फोटो नाही, दगडावर अक्षर नाही. मागे राहिलं ते टाकं, आणि टाकं त्याचं आहे ही आठवण. गावातली म्हातारी माणसं एकेक करून जात होती. भागूबाईने तर त्याचं नाव तो गेल्यावरही उच्चारलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी तिने चंद्राबाईला कर्जतपर्यंत चालवत नेलं होतं, साहेबासमोर नाव सांगायला.

पुस्तक १९४६ साली छापून आलं. वर्गात पाठांतर सुरू झालं. भागूबाईची नात सुंदरा तिसरीत होती. ती उंबऱ्यावर बसून घोकत होती, "गावाबाहेरील टाके कैलासवासी नानासाहेबांनी लोकांसाठी खोदले."

भागूबाई तांदूळ निवडत होती. "काय गं म्हनलीस? परत म्हन."

सुंदराने परत म्हटलं.

"कुनी लिवलंय ते?"

"आमच्या मास्तरांनी."

दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत अप्पा. साहेबांनी गावाची माहिती विचारली आणि सुंदरा उभी राहिली. मी मनातल्या मनात खूश होतो, पोरगी हुशार. तिने "गावाबाहेरील टाके" एवढं म्हटलं तोच दारातून आवाज आला.

"थांब गं."

भागूबाई आत आली. ती शाळेत पाऊल टाकत होती ते आयुष्यात पहिल्यांदा. ती सरळ अप्पांसमोर जाऊन उभी राहिली.

"नाव सांग म्हनला हुता ना, अप्पा? ऐका मग. आबाजी. आबाजी नामा. माझा नवरा. त्यांनी खोदलंय टाकं. आता तुमी सांगा, तुमच्या वडलांनी कंच्या हातानं खोदलं?"

अप्पा साहेबांकडे बघून हसायला गेले, पण साहेब हसले नाहीत. मग भागूबाई माझ्याकडे वळली. अप्पांशी बोलताना आवाज चढला होता, तो आता खाली आला.

"बाईनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं म्हनतात, मास्तर. म्हनून मी जल्मात घेतलं नाय. ते गेले तरी घेतलं नाय. तुमी काय केलंत? गेल्यावर जेवढे मागं उरले हुते, तेवढेबी पुसून टाकलेत."

साहेब म्हणाले, "बाई, पुस्तक छापून झालंय. आता पुढच्या आवृत्तीत बघू." छापून झालंय! म्हणजे खोटं एकदा छापलं की त्याला हात लावायचा नाही, आणि खरं बोलायला बाईने आवृत्तीची वाट बघायची! मी दौत ओढली आणि साहेबांसमोरच पहिल्या प्रतीतली ती ओळ खोडली. माझ्या हातून शाईचा डाग पडला.

"नीट लिवा," भागूबाई म्हणाली. "आनि मला परत नाव घ्यायला लावू नका."

शाळेतल्या सगळ्या प्रती मी दोन दिवसांत दुरुस्त केल्या. अप्पा गप्प बसणार नव्हतेच. महिन्याभरात माझी बदली झाली, कुंभिवलीला. शिक्षा म्हणून केली होती, हे मला सांगणाऱ्याने अगदी दबक्या आवाजात सांगितलं.

कुंभिवलीच्या शाळेत पहिल्या दिवशी कपाट उघडलं तर तेच पुस्तक, बावीस प्रती. मी मुलांना दौती घेऊन बसवलं. पळसखोंड कुठे आहे हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. नवी ओळ फळ्यावर लिहिली आणि सगळ्यांना मोठ्याने म्हणायला लावली, "हे टाके आबाजी नामा व त्यांची पत्नी भागूबाई यांनी नऊ उन्हाळे राबून खोदले." या भागात अजून पुष्कळ शाळा आहेत. अप्पांनी माझी बदली खुशाल करत राहावं, दौत माझ्या पिशवीतच असते.