तिची पट्टी सैल पडायची

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी मी आणि माझी एक वर्गमैत्रीण, दोघी एकाच सरांकडे प्रोजेक्टला होतो. सकाळी बीडच्या खाटकाकडून बोकडाची महाधमनी आणायची, तिच्या पट्ट्या कापायच्या, कोमट द्रावणात टांगायच्या आणि ॲसिटिलकोलीन हे औषध घातलं की काय होतं ते बघायचं.

तिची पट्टी सैल पडली. माझी आवळली. चार दिवस हेच चाललं.

मी सिरसाळ्याच्या बागायतदाराची मुलगी, मार्कांत कायम पुढं. ती शिरूर कासारची. तिचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे. सर तिचा आलेख कौतुकानं बघत आणि मला म्हणत, तिच्याकडून शिकून घे. मला जेवण जात नव्हतं. मी पट्ट्या आणखी स्वच्छ केल्या, आतून कापसानं पुसपुसून. त्या आणखीच आवळल्या.

पाचव्या दिवशी मी सरांना सांगितलं, ती बहुतेक चुकीची बाटली वापरते. सरांनी तिच्याकडून सगळा प्रयोग समोर उभं राहून करून घेतला. तिनं मान खाली घालून केला. पट्टी सैल पडली.

दुपारी काचसामान धुताना तिनं विचारलं, "सरांला तूच सांगितलं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "तू लई घासतीस. आतनं हातच लावू नको. मी नुसती द्रावणात खळबळून घेते."

तसं केलं आणि माझी पट्टी सैल पडली. मग सरांनी उलगडून सांगितलं. रक्तवाहिनीच्या आत एकाच पेशीच्या जाडीचा थर असतो. औषध लागलं की तो बाहेरच्या स्नायूला सैल पडायचा निरोप देतो. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, एक वायू, हे शास्त्रज्ञांनाही या थराचं काम कळल्यावर काही वर्षांनी उमगलं. मी तो थरच पुसून टाकत होते. हा शोध ज्यांनी लावला त्यांच्याही पट्ट्या आधी अशाच घासून खराब व्हायच्या, असं सर हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी पुस्तकं पाठ करून जे चुकले, ते तिनं काही माहीत नसताना बरोबर केलं होतं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं.

प्रबंधात पट्ट्या धुण्याची पद्धत सांगताना मी 'आतला थर न दुखावता' एवढंच लिहिलं. आभाराच्या पानावर खाटकाचासुद्धा उल्लेख केला, तिचा टाळला. तिनं मात्र तिच्या पानावर माझं नाव पहिलं घेतलं होतं. परवा तिला पीएच.डी. मिळाल्याचं वर्गाच्या ग्रुपवर वाचलं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी मेसेज लिहिला, खोडला आणि फोन उपडा ठेवला.